राखेचं घमेलं

१

रत्नपाल सरांनी मांजर देताना काहीही लपवलं नाही, हे आधी सांगून टाकते. उगाच त्यांना बोल लागायला नको.

"बाई, ही डब्यात बसत न्हाई," ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. "बाकी कुठंबी बसती. गादीवर, वह्यांच्या गठ्ठ्यावर, एकदा तर माझ्या बुटात. दोघांनी नेली आन् आठ दिवसांत आणून सोडली."

सरांची बदली बीदरला झाली होती आणि तिथल्या घरमालकानं जनावर चालणार नाही म्हणून बजावलं होतं. मांजर घ्या म्हटल्यावर प्रत्येकानं एकेक कारण सांगून अंग काढून घेतलं. कुणाला दमा होता, कुणाची सासू होती. माझ्याकडे कारण नव्हतं. मी चव्वेचाळीस वर्षांची, घरात एकटी. लग्न का झालं नाही याची चर्चा आता गावानंही सोडली आहे. आणि तीन वर्षं मायचं सगळं अंथरुणात केल्यामुळे मला घाणीचं काही वाटत नाही, असा माझा लौकिक आहे.

"तुमच्या हाताला सवय हाय की, प्रतीक्षाबाई," सर म्हणाले आणि लगेच जीभ चावली. माय जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

मी पिशवी घेतली. पांढरं मांजर, कपाळावर काळा ठिपका, म्हणून नाव टिकली. बसमध्ये ती पिशवीत गप्प बसून होती. सरकारनं बायकांचं तिकीट माफ केलं तेव्हापासून आमच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तरी मांजर आहे म्हटल्यावर एकीनं सरकून बसायला दिलं. एवढी वट मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

२

हुलसूरचं आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची बैठकीची, मधलं माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. खाली सगळीकडे शहाबादी फरशी. माजघरात भिंतीला लागून मायची बाज असायची. ती गेल्यावर बाज धाकट्या भावानं, भीमाशंकरनं, हुमनाबादला नेली. फरशीवर बाजेच्या पायांचे चार काळपट ठिपके राहिले. ते घासूनही निघत नाहीत.

सरांनी दिलेला प्लास्टिकचा डबा मी न्हाणीजवळ ठेवला, त्यात वाळू भरली. सकाळी पावणेनऊला मी घराबाहेर पडते, दाराला बाहेरून कडी घालते आणि सव्वापाचला परत येते. पहिले तीन दिवस टिकली स्वयंपाकघरातल्या कपाटाखाली दडून होती. डबा कोरडाच.

चौथ्या दिवशी आले तर माजघरात भिंतीशी ओल होती. बाजेच्या उशाकडच्या ठिपक्याला लागून ताटाएवढी.

"लागली का कामाला?" मी कपाटाखाली वाकून विचारलं. दोन डोळे चमकले.

पदर खोचला, बादली भरली, फिनेल टाकलं, फडकं पिळलं. फडकं कसं उजव्या हातानं सरकवायचं, गुडघा कुठं टेकायचा, सगळं शरीराच्या लक्षात होतं. पाठीत तीच जुनी कळ तिच्या ठरलेल्या जागी येऊन बसली. मला रडू आलं, आणि ते मायच्या आठवणीनं नव्हे. पुन्हा तेच करावं लागणार याचा थकवा होता तो.

एकच गोष्ट खटकली. मांजराच्या मुताचा वास नाकात घुसतो. हा तसा नव्हता. हा वास मी तीन वर्षं रोज उठून हुंगला आहे, त्यात गोळ्यांचा कडवटपणा असतो. मी स्वतःला समजावलं की फरशी जुनी आहे, मुरलेलं वर येतं. विज्ञान मीच शिकवते.

३

आठवड्यात चार वेळा झालं. नेहमी तीच जागा, नेहमी मी शाळेत असताना. शनिवारी टिकलीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर गावोगाव लसी टोचत फिरत होते. तिथले जुने कंपाउंडर जगदेवप्पा भेटले. त्यांनी टिकलीचं पोट चाचपलं, डोळे बघितले.

"आजार काई न्हाई हिला. जागा पसंत न्हाई. जिथं करायली तिथंच डबा ठेवा की, अक्का."

"आणि वाळूचं काय करू?"

"वाळू टोचत आसंल. राख घालून बघा. जुन्या घरची मांजरं राखेतच जातेत."

राख म्हटल्यावर मला माळ्यावरचं घमेलं आठवलं. टाकून द्यायचं राहून गेलं होतं, असं मी म्हणते. खरं तर त्याला हात लावायचा राहिला होता.

मायचं डावं अंग गेलेलं होतं. कधी अंथरूण भिजून खाली ओघळ यायचा, म्हणून मी बाजेजवळ राखेचं घमेलं ठेवायची, ओलीवर टाकायला. राख शेजारच्या वच्छलाबाईंच्या चुलीतली. त्या अजून अंघोळीचं पाणी चुलीवरच तापवतात. पुढे पुढे माय काय करायची, मी येण्याआधी उजवा हात बाजेवरून खाली सोडून घमेल्यातली राख ओढून ओढून त्या ओलीवर घालायची. मला दिसू नये म्हणून. दिसायचंच. राखेत तिच्या बोटांच्या रेघा दिसायच्या, तीन लांब आणि एक आखूड. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात पेराएवढं गेलेलं होतं.

घमेलं खाली काढलं, राख आणली आणि माजघरात त्या भिंतीशी ठेवलं.

४

सोमवारी सव्वापाचला दार उघडलं. ओल होती, घमेल्याच्या बाहेर. पण आज तिच्यावर राख ओढलेली होती.

पहिल्यांदा मी हसले. डब्यात बसायचं नाही, पण झाकायची अक्कल आहे! मग वाकून बघितलं. घमेल्याच्या काठावरून ओलीपर्यंत राखेत रेघा होत्या. तीन लांब, एक आखूड.

मी तशीच खाली बसले. कितीतरी वेळ बसले असेन, कारण चहाला उशीर झाला. अशा रेघा घमेल्याबाहेरही मी एकदा पाहिल्या होत्या, माय गेल्यानंतर. तो प्रसंग पुढे येईलच.

त्या वेळी मी कारणं शोधली. मांजराच्या पुढच्या पंजाच्या चारच नख्या जमिनीला लागतात, पाचवी वर राहते, हेही मीच शिकवते. एक नखी तुटली असेल. मी टिकलीला कपाटाखालून ओढून काढली, मांडीवर घेऊन पुढचे दोन्ही पंजे दाबून बघितले. चार आणि चार, सगळ्या सारख्या, टोकदार. पंजे स्वच्छ होते. केसांत राखेचा कण नव्हता. चाटून साफ केले असतील, मांजरं चाटतातच. आणि राखेत पावलं उमटली नव्हती, त्याचं काय? त्याचं मी काही केलं नाही. बादली भरून आणली.

५

पुढच्या रविवारी भीमा आला. मायची वर्सी पंधरा दिवसांवर आली होती. तो हुमनाबादला कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा येतो, जेवतो आणि मी किती केलं हे मलाच सांगतो.

"तुझ्यासारखी लेक मिळायला भाग्य लागतंय, अक्का," तो भाकरी मोडत म्हणाला. मी आमटी वाढत राहिले. हे वाक्य ऐकलं की माझा घास अडकतो, म्हणून मी त्याच्यासोबत जेवायला बसत नाही.

जेवण झाल्यावर त्यानं तो विषय काढला. "तिसऱ्या दिवशी पिठात खरंच काई उमटलं नव्हतं का ग?"

आमच्यात रीत आहे. जिथं माणसाचा जीव गेला तिथं ज्वारीचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, वर दुरडी झाकायची. तिसऱ्या दिवशी जाणत्या माणसानं दुरडी उचलून ठसा बघायचा. पाखराचा पाय दिसला तर माणूस पाखरू झाला, खूर दिसला तर गाय. आमच्याकडे हे बघायचा मान धुळाप्पाकाकांचा. त्यांनी मायची दुरडी उचलली तेव्हा पीठ सपाट होतं.

"काका म्हणले, आसं सपाट पीठ मी आजवर बघितलं न्हाई. मुंगीसुदिक फिरली न्हाई," भीमा म्हणाला. "म्हंजी मुक्तीच मिळाली म्हणायची."

"व्हय," मी म्हणाले.

मग त्याला मांजराशी खेळायची हुक्की आली. टिकली एव्हाना जरा धीट झाली होती, बैठकीच्या खोलीत यायची, पण मागच्या अंगणातून वळसा घालून. भीमानं तिला उचललं आणि माजघरातून आत नेऊ लागला. उंबऱ्याशी तिनं त्याच्या हातावर असे काही ओरखडे काढले की त्यानं तिला टाकूनच दिली. ती पुन्हा वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.

"आरं तिच्या! ही तर माजघरात पायच टाकत न्हाई की," भीमा हात चोळत हसला. "मंग तिथं घाण कोण करायलंय?"

"मी शाळेत गेल्यावर येत आसंल," मी म्हणाले. तो अजून हसतच होता. मी भांडी घासायला घेतली.

६

दुसऱ्या दिवशी प्रथमच सकाळी झालं. मी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून निघाले होते, बसला दहा मिनिटं होती, आणि माजघरातून जाताना पायाखाली ओलं लागलं.

डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. टिकली स्वयंपाकघरात दूध पीत होती. तिला मानगुटीला धरून मी न्हाणीत टाकलं, झाडूचे दोन फटके दिले. तिनं ओरडण्याऐवजी अंग चोरलं. मी दार ओढताना म्हणाले, "पड तशीच. संध्याकाळपर्यंत पड, मंग कळंल."

आणि हात कडीवरच राहिला. हे वाक्य माझ्या तोंडून याआधी एकदा निघालं होतं, शब्द न् शब्द.

आता लिहितेच. त्या दिवशी बीईओ साहेब शाळा तपासायला येणार होते. मी नवी साडी नेसले होते. मायनं सकाळपासून तिसऱ्यांदा अंथरूण भिजवलं. "लेकरा, वल्लं झालंय ग," ती म्हणाली, अगदी हळू, कारण मी चिडणार हे तिला माहीत होतं. मी दारातूनच ते वाक्य टाकलं आणि बाहेरून कडी घातली. वच्छलाबाई रोज दुपारी येऊन तिला पेज पाजायच्या. त्यांना जाता जाता सांगितलं, "आज नका जाऊ मावशी, झोपलीय ती." हे मी रागात सांगितलं. मला तिला दिवसभर तशीच ठेवायची होती. वर्षभर दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

सव्वापाचला आले तेव्हा माय बाजेवरून अर्धी खाली आली होती. गार झालेली. उजवा हात घमेल्यात होता आणि फरशीवरच्या ओलीवर राख ओढलेली होती, जमेल तेवढी. मरता मरता तिनं ते काम केलं. मी येणार आणि चिडणार, म्हणून.

मी आधी फरशी पुसली. तिला धुतलं, कोरडं लुगडं नेसवलं, बाजेवर सरळ निजवलं. मग शेजारी हाक मारली. सगळे म्हणाले, झोपेतच गेली, नशीबवान म्हातारी. लेकीनं किती केलं!

न्हाणीतून आवाज येत नव्हता. मी दार उघडलं, टिकलीला उचलून छातीशी धरलं. ती थरथरत होती.

७

बस गेली होती. टिकलीला वच्छलाबाईंकडे नेलं.

"दिवसभर ठेवता का हिला, मावशी?"

"ठेव की. पर तू कामून आशी पांढरी पडलीस?"

"डोकं दुखायलंय," म्हणाले आणि घरी येऊन फरशी पुसली, कोरडी ठणठणीत केली. घमेल्यातली राख हातानं सारखी केली. खिडक्या लावल्या, मागचं दार लावलं, पुढच्या दाराला कडी आणि वर कुलूप घातलं. पुढच्या बसनं शाळेत गेले. चौथीला भागाकार शिकवला. मुलांनी दोनदा माझी चूक दाखवली.

सव्वापाचला कुलूप उघडलं. खिडक्या लावलेल्या होत्या, तरी माजघरात उजेड बऱ्यापैकी होता. मांजर घरात नव्हतं. भिंतीशी ओल होती आणि तिच्यावर अर्धवट राख.

तो पिठाचा प्रसंग सांगायचा राहिला. तिसऱ्या दिवशी धुळाप्पाकाका यायच्या आधी मी एकटीनं दुरडी उचलली होती. पाखराचा पाय नव्हता, खूर नव्हता. पीठ एका बाजूनं ओढून मधोमध गोळा केलेलं होतं. तीन लांब रेघा, एक आखूड. ती अजून झाकत होती. काका वाचतील, विचारतील, म्हणून मी तळव्यानं पीठ सपाट केलं आणि दुरडी परत ठेवली. काका ज्याला मुक्ती म्हणाले ती माझ्या तळव्याची होती.

मी उंबऱ्यावर बसले. तेव्हा आवाज आला. खर्र. मग थांबून, खर्र. पत्र्यावरून राख ओढल्याचा. मी तो आवाज ओळखते. बाहेर दाराची कडी वाजली की हा आवाज घाईनं सुरू व्हायचा.

घमेल्याच्या भिंतीकडच्या काठावर बोटं होती. चार. मधलं आखूड. काठामागे मनगट असायला हवं होतं. मला ते दिसत नव्हतं आणि मी वाकून बघितलं नाही. बोटं राख ओढत होती, चुकत होती, पुन्हा ओढत होती. मी आलेय हे तिला कळलं होतं. उरकायची तिची धडपड चालली होती.

"राहू दे माय," मी म्हणाले. "राहू दे. मी पुसते."

बोटं थांबली. बराच वेळ तशीच होती, जणू खरं वाटत नसावं. मग एकेक करून राखेखाली गेली. राख तेवढी वर आली आणि पुन्हा सपाट झाली. मी उठून बादली भरायला गेले.

८

टिकली आता डब्यातच बसते. न्हाणीजवळचा प्लास्टिकचा डबा, वाळू घातलेला. त्याआधी ती मागच्या अंगणात उरकत असावी. तिला बहुधा फक्त कुणी अंगावर ओरडू नये एवढंच हवं होतं. संध्याकाळी मी माजघर पुसते तेव्हा ती उंबऱ्यापलीकडे बसून बघत असते.

वर्सी झाली. गाव जेवून गेलं. मी सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं होतं, दोनदा तोंडही उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, लेक असावी तर अशी. मी पंगतीत भात वाढत पुढे सरकले.

भीमा दर रविवारी फोन करतो.

"ते मांजर आजून घाण करायलंय का ग, अक्का?"

"करायलंय," मी म्हणते.

"सोडून दे की मंग कुठंतरी. किती दिवस पुसत बसतीस?"

"बघू," मी म्हणते. मांजर सुधारलं असं सांगितलं तर तो विचारेल, मग तुझी पाठ का दुखती.

माय काही बोलत नाही, दिसतही नाही. मी आल्यावर एकदा मोठ्यानं सांगते, "आले ग," म्हणजे तिला घाई करावी लागत नाही. पण महिनाभरात एक बदल झाला आहे. ओल आता भिंतीशी नसते. आधी वीतभर पुढे आली, मग हातभर. घमेलंही मला रोज थोडं पुढे सरकलेलं सापडतं, पत्र्याच्या बुडाचे फरशीवर पांढरे ओरखडे असतात. काल ते बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकलेलं होतं. तिथून पुढचं दार चार पावलांवर आहे.

त्या दिवशी तिला कुठं जायचं होतं ते मला आता कळतं. वच्छलाबाईंना हाक मारायला.

आज सकाळी घमेल्यात नवी राख घातली, टिकलीचं दूध ठेवलं. निघताना दार नुसतं लोटून घेतलं. कडी घातली नाही.